चारित्र्याचा दाखला आणि जुनी शिक्षा

इंग्लंडातील क्राउन न्यायालयात पुरावा संपला म्हणजे न्यायाधीश ज्यूरीच्या बारा सभासदांना खटल्याला लागू पडणारा कायदा समजावून सांगतो. आणि ज्याच्या नावावर पूर्वीचा कसलाही गुन्हा नाही असा आरोपी पिंजऱ्यात असेल, तर त्या उपदेशात त्याच्या चारित्र्याविषयी चारदोन वाक्ये घालणे न्यायाधीशावर बंधनकारक असते. सच्चारित्र्य हे आरोपाला उत्तर नव्हे, असे प्रथम सांगावयाचे. मग आरोपीने शपथेवर जबानी दिली असेल किंवा पोलिसांपुढे आपली हकीकत सांगितली असेल, तर ती खरी मानावी की नाही हे ठरविताना त्याचे निष्कलंक पूर्वायुष्य जमेस धरावे, असे सांगावयाचे. आणि आजवर वाकड्या वाटेला न गेलेला मनुष्य नेमका आताच तिकडे वळेल हे कमी संभवनीय नाही काय, याचाही विचार करण्यास सांगून त्या चारित्र्याचे वजन किती हा निर्णय ज्यूरीवर सोपवावयाचा. यातील पहिले अंग विश्वसनीयतेचे, दुसरे प्रवृत्तीचे. 1993 साली व्हाय खटल्यात मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड टेलर यांनी या दोन्ही अंगांना निश्चित नियमाचे स्वरूप दिले. तत्पूर्वी हा भाग बहुतांशी ज्या त्या न्यायाधीशाच्या मर्जीवर चाले.

परंतु मनुष्याचे आयुष्य निष्कलंक आणि कलंकित अशा दोन कप्प्यांत सहसा बसत नाही. विशीच्या आत केव्हातरी दुकानातील वस्तू उचलल्याबद्दल दंड झालेला, पुढे चाळीस वर्षे नेकीने नोकरी केलेला, आणि आता साठीच्या उंबरठ्यावर मारहाणीच्या आरोपावरून न्यायासनापुढे उभा राहिलेला गृहस्थ त्या चारदोन वाक्यांना पात्र आहे की नाही? माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही घरात अण्णा म्हणतो आणि जे सत्र न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले, आणि माझी कन्या, जी लंडनमध्ये आरोपींच्या बाजूने बॅरिस्टरी करते, या दोघांत या प्रश्नावरून जो वाद झाला, तो शक्य तितका त्यांच्याच शब्दांत येथे मांडीत आहे. माझा स्वतःचा कल कोठे आहे तेही मी लपविणार नाही.

प्रारंभ अण्णांनी केला. "अगं, न्यायाधीशाचे ज्यूरीशी पहिले नाते सत्याचे असले पाहिजे. ज्याला शिक्षा झालेली आहे त्याला शिक्षा न झालेल्याच्या पंक्तीस बसविले, तर त्या बारा जणांची दिशाभूल खुद्द न्यायासनाकडून होते. तुमच्याच हाउस ऑफ लॉर्ड्सने 1995 साली अझीझ खटल्यात हे ओळखले. तेथे आरोप करचुकवेगिरीचा. आरोपींच्या नावावर पूर्वीची शिक्षा नव्हती, पण दोघांनी इतर बाबतींतील अप्रामाणिकपणा स्वतःच्या तोंडाने कबूल केला होता. लॉर्ड स्टेन यांनी त्या निकालात स्पष्ट केले की जो उपदेश सामान्य व्यवहारबुद्धीचा अवमान ठरेल तो करण्याची सक्ती न्यायाधीशावर नाही. मला हे वचन फार मोलाचे वाटते."

"पण काका, त्याच निकालात लॉर्ड स्टेन यांनी मूळ नियम कायम ठेवला, त्या दोघांनाही तो लागू केला, आणि कबूल केलेला अप्रामाणिकपणा ज्यूरीला सांगून उपदेशाला मुरड घालावी असा मार्ग दाखविला, हेही सांगा ना! सक्ती नाही ती केवळ निरर्थक उपदेशाची. त्यानंतरची वीस वर्षे आमच्याकडे वहिवाट अशी होती की जुनी, किरकोळ, प्रस्तुत आरोपाशी संबंध नसलेली शिक्षा असेल तर न्यायाधीश आरोपीला व्यवहारतः सच्चरित मानी आणि दोन्ही अंगांचा उपदेश करी. हे बदलले 2015 साली. हंटर खटल्यात लेडी जस्टिस हॅलेट यांच्या अध्यक्षतेखाली पाच न्यायमूर्तींचे पीठ बसले आणि त्यांनी ठरविले की व्हाय आणि अझीझ यांतील तत्त्वे मुळात अभिप्रेत नव्हती इतकी ताणली गेली आहेत."

येथे वाचकासाठी हंटर निकालाचा सारांश मला द्यावा लागेल, कारण पुढचा सगळा वाद त्याभोवती फिरतो. ज्याच्या नावावर शिक्षा नाही, पोलिसांनी कबुली घेऊन दिलेली औपचारिक ताकीद नाही, आणि ज्याच्याविरुद्ध अन्य निंद्य वर्तनाचा आरोप वा पुरावाही नाही, तो पूर्ण सच्चरित. त्याला दोन्ही अंगांचा हक्क आहे. ज्याची शिक्षा जुनी, किरकोळ आणि असंबद्ध आहे, त्याला व्यवहारतः सच्चरित मानावे की नाही याचा निर्णय न्यायाधीशाने करावयाचा. एकदा तसे मानले की दोन्ही अंगे सांगितलीच पाहिजेत, मात्र ज्यूरीचा गैरसमज होणार नाही इतका बदल त्यांत करून. ज्याने आपली निराळ्या प्रकारची पूर्वीची शिक्षा, लपविण्यासारखे काही नाही हे दाखविण्यासाठी, स्वतःहून पुढे आणली आहे, त्याला हक्क म्हणून काहीच मिळत नाही; एखादे अंग सांगावे, दोन्ही सांगावीत की एकही सांगू नये, हे न्यायाधीशाच्या तारतम्यावर. आणि ज्याची पूर्वदोषसिद्धी फिर्यादी पक्षानेच पुरावा म्हणून आणली आहे, त्याच्या बाबतीत तो पुरावा कशासाठी वापरावयाचा व कशासाठी नाही हे प्रथम सांगावयाचे, आणि त्यात चारित्र्याविषयी एखादे अनुकूल वाक्य गुंफावयाचे झाले तर तेही न्यायाधीशाच्याच विवेकाने. त्याशिवाय, उपदेशातील एखादे वाक्य राहून गेले एवढ्यावरून अपिलात शिक्षा आपोआप रद्द होणार नाही, हेही त्या पीठाने सांगितले.

"यात अन्याय कोणता?" अण्णांनी विचारले. "मला तर हा अत्यंत शहाणपणाचा निकाल वाटतो. पुरावा भक्कम, ज्यूरीचा निर्णय योग्य, आणि तरीही दोन ठरीव वाक्यांपैकी एक उच्चारले गेले नाही म्हणून निकाल फिरवावयाचा, फिर्यादीला आणि साक्षीदारांना पुन्हा त्या पिंजऱ्यापुढे उभे करावयाचे, हे कोणत्या न्यायात बसते? ज्या बाईवर हल्ला झाला तिने तीच हकीकत दोनदा का सांगावी? सच्चारित्र्याचा उपदेश हा आरोपीचा मानपान नव्हे. तो सर्वांना सारखाच मिळू लागला की ज्याने खरोखर आयुष्यभर सचोटी पाळली त्याच्या पदरात विशेष काय पडले?"

"तुम्ही म्हणालात की हा मानपान नव्हे, ते मला पूर्णपणे मान्य आहे," ती म्हणाली, "आणि म्हणूनच पात्रतेची भाषा मला खटकते. हा उपदेश म्हणजे एका अनुमानाचा नियम आहे. अमुक गोष्ट सिद्ध असेल तर तिच्यावरून तमुक संभव वाढतो किंवा घटतो, एवढेच न्यायाधीश सांगतो. मग प्रश्न एकच उरतो: ते अनुमान या माणसाच्या बाबतीत टिकते की नाही? मघाच्या त्या गृहस्थाचेच घ्या. समजा, मालगोदामात हिशेबनीस म्हणून काम करणारा अठ्ठावन्न वर्षांचा मनुष्य आहे, शेजाऱ्याला मारहाण केल्याचा आरोप आहे, आणि त्याचे म्हणणे असे की शेजारीच अंगावर धावून आला, मी केवळ स्वतःचा बचाव केला. साक्षीदार दोघेच, तो आणि शेजारी. एकोणिसाव्या वर्षी एका दुकानातून चोरी केल्याबद्दल त्याला दंड झालेला आहे. त्यानंतरच्या एकोणचाळीस वर्षांत त्याने कोणावर हात टाकल्याची नोंद नाही. आता सांगा, तो एकाएकी मारामारीस प्रवृत्त होईल हा संभव त्या चोरीमुळे वाढतो का? मुळीच नाही. आणि ती एकोणचाळीस वर्षे लक्षात घेता घटतो का? निश्चित घटतो. अनुमान जसेच्या तसे उभे आहे. तरीही न्यायाधीशाला वाटले तर तो म्हणू शकतो की चोरी ही किरकोळ गोष्ट नव्हे, मी याला व्यवहारतः सच्चरित मानीत नाही. आणि मग ज्यूरीला या बाबतीत एक अक्षरही सांगितले जात नाही."

अण्णा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "प्रवृत्तीपुरते तुझे म्हणणे मी मान्य करतो. परंतु विश्वसनीयतेचे काय? चोरी ही लबाडीची कृती आहे. शपथेवर बोलणाऱ्या माणसाचे पूर्वायुष्य त्याच्या शब्दाला पुष्टी देते असे ज्यूरीला सांगावयाचे, आणि त्या पूर्वायुष्यात लबाडीबद्दलची शिक्षा आहे हे मात्र झाकावयाचे! मारामारीच्या आरोपात चोरी असंबद्ध, असे तू म्हणतेस; पण त्याचा शब्द खरा की शेजाऱ्याचा, हाच जर खटल्याचा गाभा असेल, तर चोरी इतकी असंबद्ध राहत नाही."

हा मुद्दा मला वादातील सर्वांत बळकट वाटला, आणि त्याचे मूळ इतिहासात आहे. 1898 पूर्वी इंग्लंडात आरोपीला स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष देण्याची सर्वसाधारण मुभाच नव्हती. त्या काळी सच्चारित्र्याचा उपयोग एकच: असा मनुष्य असे कृत्य करील काय? त्या वर्षीच्या फौजदारी पुरावा कायद्याने आरोपीला साक्षीदाराच्या जागी उभे राहू दिले, आणि त्याच क्षणापासून त्याच्या शब्दाची किंमत हा दुसरा प्रश्न जन्माला आला. त्याहून मागे जावे तर 1865 च्या रोटन खटल्यात एका शिक्षकावरील आरोपाच्या संदर्भात असे ठरले होते की चारित्र्याचा पुरावा म्हणजे शेजारपाजाऱ्यांत त्या माणसाचा जो सामान्य लौकिक असेल तो. एखाद्याचे वैयक्तिक मत नव्हे, की सुट्या सुट्या कृत्यांची यादी नव्हे. आज मात्र लौकिक कोणी विचारीत नाही. आज सच्चारित्र्य म्हणजे पोलिसांच्या दफ्तरातील कोरे पान, आणि या स्थित्यंतराकडे जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले मला दिसत नाही.

माझी कन्या याच धाग्याला धरून पुढे म्हणाली, "काका, मी जुनी शिक्षा झाका असे म्हणतच नाही. ती सांगा, पण तिच्या पुढची वर्षेही सांगा. आमच्याकडे हल्ली उपदेश लेखी असतो. ज्यूरी न्यायालयाबाहेर असताना न्यायाधीश मसुद्याच्या प्रती दोन्ही बाजूंच्या वकिलांना देतो, आणि आम्ही ओळ न् ओळ धरून बोलतो. ज्यूरी नंतर तो कागद आपल्या खोलीत नेते. त्यात जर असे असेल की आरोपीला एकोणिसाव्या वर्षी चोरीबद्दल दंड झाला होता, त्यानंतर आजतागायत त्याच्याविरुद्ध काहीही नाही, त्याची जबानी तोलताना आणि त्याने हे कृत्य केले असण्याचा संभव तोलताना या दोन्ही गोष्टी तुम्ही लक्षात घ्या, वजन किती द्यावयाचे ते तुमचे तुम्ही ठरवा, तर दिशाभूल कोणाची झाली? आणि आता दुसरी बाजू पाहा. एकाच पिंजऱ्यात दोन आरोपी असतील, एकाचे पान कोरे आणि दुसऱ्याच्या नावावर जुनी शिक्षा, तर कोऱ्या पानाच्या आरोपीला उपदेशाचा पूर्ण लाभ मिळालाच पाहिजे, दुसऱ्याची अडचण होते म्हणून तो रोखता येत नाही, असे व्हायमध्येच ठरले आहे. मग त्या कागदावर एकाच्या नावाखाली चारित्र्याचा परिच्छेद असतो आणि दुसऱ्याच्या नावाखाली काही नसते. बारा सुबुद्ध माणसे त्या मोकळ्या जागेचा अर्थ लावल्याशिवाय राहतील असे तुम्हाला वाटते का? प्रत्यक्षात जे चोरीचे एक जुने प्रकरण आहे, ते त्यांच्या कल्पनेत काय रूप घेईल कोण जाणे!"

"ज्यूरी खोलीत काय बोलते ते कोणालाच कळत नाही," अण्णा म्हणाले.

"आणि कोणी बाहेर सांगितले तर तो गुन्हा आहे. म्हणून तर कागदावरच्या ओळीला इतके मोल. पण कृत्रिम ज्यूरी बसवून प्रयोग झालेले आहेत. सॅली लॉइड-बॉस्टॉक या संशोधिकेचा 2000 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आमच्या वर्तुळात सर्वांना ठाऊक आहे. प्रस्तुत आरोपासारख्याच गुन्ह्याबद्दल अलीकडे शिक्षा झालेली असेल तर आरोपी दोषी वाटण्याचे प्रमाण वाढते, हे अपेक्षितच होते. परंतु शिक्षा अगदी निराळ्या प्रकारची असेल तर ते वाढत नाही, उलट किंचित कमी होण्याकडे कल दिसला. म्हणजे ज्यूरी विचार करते. तिला खरे सांगितले तर ती त्याचा बरा उपयोग करते. मात्र लहान मुलावरील अत्याचाराची शिक्षा कानावर पडली की पुढचा आरोप कशाचाही असो, मन कलुषित होते, हेही त्याच अभ्यासात दिसले."

"तू हा अभ्यास तुझ्या बाजूने सांगतेस, मला तो माझ्याही बाजूचा दिसतो," अण्णा उत्तरले. "ज्यूरी जर इतकी विचारी असेल, तर न्यायाधीशाने तिला अनुमानाचे धडे देण्याची सक्ती कशाला? शिक्षा सांगितली, वर्षे सांगितली, आता ती आणि तिची व्यवहारबुद्धी. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने 1999 साली मेलबर्न खटल्यात हेच म्हटले की सच्चारित्र्याचा उपदेश करावा की नाही हे न्यायाधीशाच्या विवेकाचे क्षेत्र आहे. तेथील ज्यूरी काही निर्बुद्ध नाही."

"व्यवहारबुद्धीला न्यायासनाचा आधार नसेल तर फिर्यादी वकिलाचे शेवटचे भाषण तिच्यावर मात करते. वकिलाचे बोलणे हे वकिलाचे बोलणे. न्यायाधीश जे सांगतो त्याला कायद्याची मुद्रा असते. आमचा सगळा आटापिटा त्या मुद्रेसाठी आहे."

मग वाद आपल्याकडे वळला, आणि तो वळणे योग्यच होते, कारण या बाबतीत आपल्या देशाचा इतिहास इंग्लंडच्या इतिहासाशी मुळापासून गुंतलेला आहे. 1836 साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला की ज्यूरीने प्रस्तुत आरोपावर निर्णय देईपर्यंत पूर्वीची शिक्षा तिच्यापुढे मांडू नये. अपवाद एवढाच की आरोपीने आपण सच्चरित असल्याचा पुरावा दिला तर त्याच्या उत्तरादाखल ती मांडता येईल. असे असूनही 1872 चा भारतीय पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या हातून तयार झाला, तेव्हा त्याच्या मूळ कलम 54 मध्ये आरोपीला पूर्वी शिक्षा झालेली असणे ही गोष्ट सरळसरळ संबद्ध ठरविलेली होती. ज्या गोष्टीपासून इंग्लंडातील आरोपीला संरक्षण होते, तीच गोष्ट हिंदुस्थानातील आरोपीविरुद्ध पहिल्याच दिवशी पुढे येऊ शकत होती. हा भेद 1891 च्या दुरुस्तीने दूर झाला, आणि तेव्हापासून दुश्चारित्र्याचा पुरावा सच्चारित्र्याच्या पुराव्याला उत्तर म्हणूनच देता येतो असा नियम झाला, जो आता 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे.

अण्णांना ही तरतूद तोंडपाठ होती. "मला सांगावयाचे ते हेच," ते म्हणाले. "आपल्या 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 310 होते. वाढीव शिक्षेसाठी पूर्वीच्या शिक्षेचा आरोप जोडलेला असेल, तर तो ज्यूरीसमोर वाचून दाखवावयाचाच नाही, आरोपीला त्याबद्दल विचारावयाचेही नाही, जोपर्यंत नव्या गुन्ह्याबद्दल तो दोषी ठरत नाही तोपर्यंत. ज्यूरी गेली, तरी 1973 च्या संहितेत कलम 236 म्हणून ती तरतूद राहिली. मी स्वतः ती पाळली आहे. शिरस्तेदाराला माझी सूचना असे की त्या आरोपाचा कागद बंद पाकिटात ठेव, निकाल होईपर्यंत माझ्या टेबलावर आणू नकोस. कारण न्यायाधीश झाला तरी त्याला डोळे आहेत, आणि एकदा वाचलेले न वाचलेले होत नाही. म्हणून म्हणतो, आरोपीचे संरक्षण मौनात आहे. त्याने सच्चारित्र्याचा मुद्दा काढला नाही तर त्याचे पूर्वायुष्य कोणी उकरीत नाही. आणि काढला, तर मग सगळेच बाहेर येऊ दे."

"तुमच्या काळी मौन पुरेसे होते. आमच्याकडे 2003 च्या फौजदारी न्याय कायद्याने ते मौन मोडले. त्याच्या कलम 101 ने पूर्वीचे दुर्वर्तन पुराव्यात आणण्याचे सात मार्ग खुले केले. फिर्यादी पक्षाला प्रवृत्ती दाखवावयाची असेल तर तो आरोपीने तोंड उघडण्याची वाट पाहत नाही. दुश्चारित्र्याला इतके दरवाजे उघडले, आणि त्यानंतर बारा वर्षांनी सच्चारित्र्याचा दरवाजा अरुंद केला. माझ्या मनाला लागते ते हे. पूर्वीच्या शिक्षेवरून, मनुष्य पुन्हा तसे करील, असे अनुमान काढणे जर ज्यूरीला शिकविता येते, तर चाळीस वर्षांच्या स्वच्छ वर्तनावरून उलट अनुमान काढणे शिकविण्यात न्यायाधीशाने संकोच का करावा? आणि काका, तुम्ही ज्या कोऱ्या पानाचा इतका मान राखता, ते कोरे का राहिले याचाही विचार करा. पोलीस ज्या वस्तीत रोज फिरतात तेथील पोराच्या नावावर ताकीद लागते; ज्या घरात ते कधी जात नाहीत तेथील पोराचे तेच कृत्य आईबापांच्या कानावर घालून मिटते. पुढे साठीला दोघेही न्यायालयात आले, तर एकाला हक्काने उपदेश आणि दुसऱ्याला न्यायाधीशाच्या मर्जीने."

हे ऐकताच अण्णांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी जे सांगितले ते मी कधी विसरणार नाही. "हे मला तू सांगावयास नको. 1872 च्या पुरावा कायद्याआधी एकच वर्ष, 1871 साली, याच सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारध्याच्या पोटी जन्मलेल्या पोराला हजेरी. का, तर त्याची जातच तशी, म्हणून. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, परंतु ठाण्यातल्या वहीतून ती नावे गेली नाहीत. माझ्यासमोर पारधी आरोपी उभा राहिला की तपास अंमलदाराच्या जबानीत 'सराईत' हा शब्द हटकून येई, आणि मी विचारीत असे की शिक्षा किती, केव्हा, कशाबद्दल, नकला कोठे आहेत? पुष्कळदा एकही नक्कल निघत नसे. शिक्षाच झालेली नसे; होता तो केवळ संशय, वर्षानुवर्षे एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवलेला. म्हणून मला नोंद हवी, पण नोंदीमागचे कागदही हवेत. आणि तुझ्या त्या ताकिदा, ज्यात न्यायाधीशाने आरोप तपासलेलाच नसतो, त्या कोणाचे सच्चारित्र्य हिरावून घेण्यास पुरेशा आहेत हे हंटर निकालातील विधान मला, इतका वेळ त्या निकालाची बाजू घेऊनसुद्धा, मान्य करता येत नाही."

माझा कल कोठे, हे सांगण्याची जागा ही. अपिलांच्या बाबतीत अण्णा बरोबर आहेत, असे मला वाटते; एखादे वाक्य राहिले म्हणून भक्कम पुराव्यावरचा निर्णय कोसळू नये. मसुद्याच्या बाबतीत माझी कन्या बरोबर आहे. हंटर निकालाने न्यायाधीशाला जे तारतम्य दिले, त्यात उपदेश करावा की नाही हा प्रश्न आधी येतो आणि तो कसा करावा हा नंतर. माझ्या मते हा क्रम उलटा हवा होता. शिक्षा जुनी व निराळ्या प्रकारची असेल तर उपदेश करावयाचाच, आणि तारतम्य वापरावयाचे ते शब्दरचनेत: लबाडीच्या जुन्या शिक्षेमुळे विश्वसनीयतेचे अंग क्षीण होत असेल तर तसे म्हणावे, प्रवृत्तीचे अंग अबाधित असेल तर तेही म्हणावे. दोन अंगे निरनिराळ्या कारणांनी जन्माला आली असता ती एकदम द्यावयाची किंवा एकदम काढून घ्यावयाची, हे मला तर्काला सोडून वाटते. ज्यूरीला दिलेल्या उपदेशातील दोष किती महाग पडतात हे महाराष्ट्राला निराळे सांगण्याची गरज नाही. नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी दिलेला निर्दोषतेचा कौल मुंबई उच्च न्यायालयाने बाजूला सारला, आणि 1961 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते उचित ठरविले, त्याच्या कारणांत सत्र न्यायाधीशांच्या उपदेशातील चुका होत्या.

मी हे मत सांगितले तेव्हा दोघांनाही ते पुरते पटले नाही. अण्णांची हरकत अशी की अर्धे अंग द्यावयाचे म्हणजे ज्यूरीपुढे आरोपीच्या लबाडीचा न्यायाधीशानेच उच्चार करावयाचा. त्यापेक्षा काही न बोलणे आरोपीला परवडेल. "तुझ्या गोदामातल्या हिशेबनिसाला विचार, न्यायाधीशाच्या तोंडून चोरी हा शब्द ऐकावयास तो तयार आहे का?"

"त्याला विचारणे माझेच काम आहे," ती म्हणाली, "आणि बरेच जण नाही म्हणतात. 1974 च्या पुनर्वसन कायद्यान्वये कालांतराने जी शिक्षा संपुष्टात आली असे मानले जाते, ती फौजदारी न्यायालयात कायद्याने बंद होत नाही, पण शक्य तेथे तिचा उल्लेख टाळावा असा आमच्याकडे दंडक आहे; म्हणून कित्येक अशील म्हणतात की ते उघडू नका. मग मी त्यांना समजावते की आपण उघडले नाही तर त्या एकोणचाळीस वर्षांबद्दलही बोलता येणार नाही. काही ऐकतात, काही ऐकत नाहीत. ऐकणाऱ्यांसाठी तरी न्यायाधीशाने काय सांगावयाचे ते आधी निश्चित असावे, एवढेच माझे मागणे. आज मी अशिलाला हमी देऊ शकत नाही. जुनी चोरी उघड कर, त्याबदल्यात न्यायाधीश तुझ्या स्वच्छ वर्षांबद्दल ज्यूरीला सांगेल, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही; कदाचित चोरी उघड होईल आणि उपदेशही मिळणार नाही."

"मग साक्षीपुरावा सुरू होण्यापूर्वीच न्यायाधीशाकडून ठरवून घे. हंटरमध्येच म्हटले आहे ना, की ज्याला हा उपदेश हवा त्याने लवकरात लवकर तसे कळवावे? तोंडी सांगू नकोस. लेखी अर्ज कर. शिक्षेचे वर्ष, स्वरूप, दंडाची रक्कम, आणि तुला हवा तो परिच्छेद, शब्दशः. न्यायाधीशापुढे तयार मसुदा असला म्हणजे तो नाकारण्यासाठी त्याला कारणे लिहावी लागतात, आणि कारणे लिहावयास बसले की पुष्कळदा नाकारणे अवघड जाते. हे मी खुर्चीवर बसून शिकलो आहे."

तिने कागद पुढे ओढला आणि विचारले, "परिच्छेदात आधी काय घालू, चोरी की एकोणचाळीस वर्षे?"

"चोरी आधी," अण्णा म्हणाले. "आणि दंडाची रक्कम आकड्यात लिही, म्हणजे ती किती किरकोळ होती हे तुला सांगावे लागणार नाही."